आपल्याच शहराबद्दल विचारताना

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, लोकांना आपलं शहर आणि इथलं पर्यटन कसं वाटतं, या तुझ्या प्रबंधाच्या प्रश्नावलीचा मसुदा वाचला. विषय चांगला आहे, पण पहिला प्रश्न काढून टाक. 'आपले शहर ऐतिहासिक व प्रेक्षणीय आहे असे आपणास वाटते का?' असं विचारल्यावर नाही कोण म्हणेल? दारात उभ्या असलेल्या परक्या मुलीसमोर कुणी आपल्या गावाला कमी लेखत नाही. त्या प्रश्नातून अभिमान कळेल, मत कळणार नाही.

त्याऐवजी असं विचार: 'बाहेरगावचे पाहुणे दोन दिवसांसाठी आले, तर कुठं कुठं न्याल?' नावं ज्या क्रमानं येतील त्याच क्रमानं लिहून घे. बोलणारा थांबला की 'आणखी?' एवढंच, तेही एकदाच. यादी आधी दाखवू नकोस, कारण यादी समोर आली की सगळ्यांनाच सगळं आठवतं. बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरातली बौद्ध लेणी किंवा मलिक अंबरचा भडकल दरवाजा किती जण न विचारता सांगतात, हे तुझ्या अभ्यासातलं सर्वांत मोलाचं उत्तर ठरेल.

मग यादी काढ आणि प्रत्येक जागेसमोर 'शेवटचं कधी गेला होतात?' विचार. पर्याय चार ठेव: गेल्या १२ महिन्यांत, त्याआधी मोठेपणी, फक्त शाळेच्या सहलीत, कधीच नाही. तिसरा पर्याय गाळलास तर सहलीतली भेटही 'गेलोय' मध्ये जमा होते आणि आकडे फुगतात. माहितीची परीक्षा घ्यायची तर परीक्षेसारखी घेऊ नकोस. 'पाहुण्यांना मंगळवारी न्यायचं झालं तर वेरूळ की अजिंठा?' एवढं पुरे. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. स्वतः पाहुणे घेऊन जाणाऱ्याला हे बहुधा माहीत असतं.

आता हद्दीचा घोळ. अजिंठा शंभरेक किलोमीटर, वेरूळ तीसेक, दौलताबाद त्याच वाटेवर अलीकडे. पण इथला माणूस तिन्ही 'आपली' म्हणूनच सांगतो. चूक त्याची नाही. मात्र तुझ्या तक्त्यात शहरातलं आणि शहराबाहेरचं असे दोन रकाने हवेत, नाहीतर अजिंठ्याचं कौतुक शहराच्या नावावर चढेल. खुलताबादचा भद्रा मारुती आणि वेरूळचा घृष्णेश्वर यांचा प्रश्न वेगळा विचार. भद्रा मारुतीला लोक रात्रभर चालत जातात, पण त्याला पर्यटन कुणी म्हणत नाही. 'फिरायला' असं विचारलंस तर ते उत्तरात येणारच नाही.

पाणी, रस्ते आणि कचऱ्याचे प्रश्न शेवटी घे. पाणी किती दिवसांआड येतं हे आधी विचारलंस की माणूस तापतो, आणि पुढची सगळी उत्तरं त्याच रागातून येतात. हा परिणाम मोजायचाच असेल तर अर्धे फॉर्म एका क्रमाचे, अर्धे उलट्या क्रमाचे छाप. कोणता फॉर्म कुणाला, हे चिठ्ठीनं ठरव.

सहमत-असहमतच्या पाच पायऱ्यांत आपल्याकडे एक अडचण हमखास येते: सभ्य माणूस सगळ्यालाच हो म्हणतो. म्हणून 'पर्यटकांमुळे आमच्या भागात काम मिळतं' याच्यासोबत काही अंतरावर 'पर्यटकांचा पैसा आमच्यापर्यंत येत नाही' हेही ठेव. दोन्हींना जोरात हो म्हणणाऱ्यावर खूण कर. फॉर्म फेकू नकोस. घरात कुणाची कमाई पर्यटकांवर चालते का (रिक्षा, गाईड, हॉटेल, हिमरू शालींचं दुकान), हे मात्र सुरुवातीला नको, शेवटी विचार.

नमुन्याचा ३८४ हा आकडा पुस्तकातून आला असणार: ९५ टक्के विश्वासपातळी, अधिक-उणे ५ टक्के, म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा आपला आकडा खऱ्या आकड्याच्या ५ टक्के इकडेतिकडेच असतो. पण तो सरसकट चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या माणसांसाठी आहे, व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या लिंकसाठी नाही. लिंकनं तुझ्याच वयाचे, तुझ्याच ओळखीचे लोक भरतील. चार भाग घे: बेगमपुरा-पाणचक्की, गुलमंडी-शहागंज, सिडको-हडको आणि वाळूज-बजाजनगर. प्रत्येकी १००. मग एका भागाचा आकडा साधारण १० टक्के इकडेतिकडे असू शकतो आणि दोन भागांतला १४ टक्क्यांखालचा फरक बातमी म्हणून मांडता येत नाही. शहराचा एकूण आकडा काढताना लोकसंख्येप्रमाणे भार द्यायला विसरू नकोस.

दर पाचवं घर घे. कुलूप असेल तर वेगळ्या वेळी एकदा परत जा. दारात येणारा बहुधा कर्ता पुरुष असतो आणि बाईनं तोंड उघडायच्या आत तोच उत्तर देतो. म्हणून १८ वर्षांवरच्यांत ज्याचा वाढदिवस सर्वांत आधी येणार आहे, त्यालाच विचारायचं. शुक्रवारी दुपारी जुन्या शहरात जाऊ नकोस. नकार किती मिळाले तेही लिही.

फॉर्मवर शहराचं नाव छापू नकोस, 'आपलं शहर' पुरे. २०२३ मध्ये नाव बदललं. जुनं लिहिलंस किंवा नवं, तुझी बाजू दारातच ठरवली जाईल. मराठीबरोबर हिंदी आणि उर्दू फॉर्म लागतीलच. भाषांतर दुसऱ्याकडून उलटं मराठीत करून घे आणि मूळ मजकुराशी ताडून बघ.

पर्यटक वाढतात तसं स्थानिकांचं मन कसं पालटतं हे सांगणाऱ्या डॉक्सीच्या १९७५ च्या चार पायऱ्या (आनंद, उदासीनता, वैताग, वैर) तुझ्या सरांना हव्या आहेत, तर घाल. पण अख्ख्या शहराला एका पायरीवर बसवू नकोस. मकबऱ्याच्या दारातला दुकानदार आणि सिडकोतला नोकरदार एकाच दिवशी दोन वेगळ्या पायऱ्यांवर असू शकतात. माझ्या मते तुझा प्रबंध याच फरकावर उभा राहील.

आधी ३० जणांवर चाचणी घे. ज्या प्रश्नाला अर्ध्याहून जास्त लोक 'म्हणजे काय?' विचारतील तो नव्यानं लिही. लोकांनी स्वतःच्या शब्दांत दिलेली पहिली ५० उत्तरं तू आणि एखादी मैत्रीण, दोघींनी वेगवेगळी वर्गवारी लावून बघा. जिथं जुळत नाही तिथं वर्गाची व्याख्या सैल आहे. चाचणीचे फॉर्म मला पाठव, हाताने लिहिलेलेच. टंकताना तू उत्तरं नीटनेटकी करशील आणि नेमकं तेच नको आहे.

तुझी,
आई