मोरीतलं पाणी

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर विचारलं की आई "काही नाही गं, सगळं ठीक" म्हणते, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा मोरीत घसरले, हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं? त्या रात्री मला घास गेला नाही.

काल तुम्ही फोनवर मोरी दाखवलीत, त्यावरून सांगते. कपडे धुण्याचं मशीन बिघडलेलं नाही. सिंकचा आणि मशीनचा पाईप पुढे एकत्र मिळतात आणि तुंबलंय त्या जोडाच्या पुढे. म्हणूनच मशीनने पाणी सोडलं की ते सिंकमधून वर येतं. ते टाळायला बाबांनी मशीनची नळी भिंतीतल्या पाईपमधून काढून मोरीच्या फरशीवर सोडली आणि तिथून दुसरं दुखणं सुरू झालं. नळीचं तोंड टबातल्या पाण्यापेक्षा खाली गेलं की पाणी आपोआप वाहून जातं. मशीन भरतच राहतं, धुणं संपत नाही. दुरुस्तीवाल्याने पंप बदलायला सांगितलाय, तो बदलू नका.

प्लंबर येईल तेव्हा नुसता सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे तो वाकडा पाईप, साफ करून त्याला जाऊ देऊ नका. जोडाच्या पुढे तुंबलेलं मोकळं करायची लांब स्प्रिंग घालायला लावा. मग नळी परत भिंतीतल्या पाईपमध्ये, फरशीपासून निदान 60 सेंटीमीटर उंचावर. पण खोल कोंबायची नाही आणि भोवती टेपही गुंडाळायची नाही, हवेला फट हवी.

बाबा, ॲसिडची बाटली मात्र आजच बाजूला ठेवा. तेला-तुपाचा थर त्याने सुटत नाही. शिवाय मोरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असते. दोन्ही एकत्र आलं तर क्लोरीन वायू तयार होतो आणि तेवढ्याशा बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. आई, तूही उकळतं आधण ओतू नकोस, प्लास्टिकचा पाईप मऊ पडतो. कढईचं तेल आधी कागदाने पुसून घे, चहाचा चोथा कुंडीत टाक. कपड्यांचे तंतू त्या तेलात अडकून पाईपमध्ये बोळा होतो.

दोन महिने तू फरशीवरचं पाणी एकटी पुसत होतीस, गुडघा दुखत असताना. मला एकदा तरी सांगायचंस ना.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय, प्लंबरला त्याच दिवशी बोलवा. तोवर मशीन लावू नका. चादरी तशाच राहू देत, मी धुते.

तुमची लेक