'मैत्री केली' म्हणजे 'डिड फ्रेंडशिप' नव्हे

संपादक महोदय,
स. न.

बारावीनंतर इंग्रजी बऱ्यापैकी येणारी मुले पुढच्या पायरीवर अडली, की त्यांच्या हाती अवघड शब्दांच्या याद्या दिल्या जातात. 'मैत्री आणि समाजमाध्यमे' हा विषय आला, की फायदे-तोट्यांचा ठरावीक निबंध लिहून वही मिटते. आमच्या मते हाच एक विषय चार आठवडे धरून ठेवावा, कारण मुलांच्या इंग्रजी वाक्याखालची मराठी इथे सर्वांत उघडी पडते.

'मैत्री केली'चे 'डिड फ्रेंडशिप' होते. इंग्रजीत 'मेड फ्रेंड्स विथ हिम' म्हणतात, आणि मित्र एकच असला तरी 'फ्रेंड्स' अनेकवचनीच. 'जवळचा'साठी 'निअर' लिहिले जाते, हवे असते 'क्लोज'. 'पाच वर्षांपासून मैत्री आहे'चे 'वी आर फ्रेंड्स सिन्स फाइव्ह इयर्स' झाले, तर त्यात दोन चुका: 'आर'ऐवजी 'हॅव बीन' हवे, आणि कालावधीला 'फॉर' लागते, 'सिन्स' फक्त सुरुवातीच्या बिंदूला, म्हणजे 'सिन्स २०१९'. सर्वांत चिवट चूक मात्र 'जरी-तरी'ची. मराठीत ही जोडी शोभते, म्हणून 'ऑलदो'ने सुरू केलेल्या वाक्यात मुले मध्येच 'बट' घालतात. इंग्रजीला दोहोंपैकी एकच पुरते. चांगले गुण मिळवणाऱ्यांच्या वहीतही ही चूक सापडते, कारण बोलताना ती कुणाला खटकत नाही.

शब्द वाढवायचे ते छटांनी. मराठीत 'दुरावले' एवढ्यावर भागते. इंग्रजीत भांडून बिनसले तर 'फेल आउट', भांडण न होता हळूहळू अंतर पडले तर 'ड्रिफ्टेड अपार्ट', नुसता संपर्क तुटला तर 'लॉस्ट टच'. आठवड्याला असे आठ-दहा प्रयोग पुरेत. पन्नास घेतले की एकही तोंडात बसत नाही. 'अनफ्रेंड' हा २००९ मध्ये न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीचा वर्षाचा शब्द ठरला, म्हणून तो शिकवायला हरकत नाही. पण 'घोस्टेड मी' हे मित्राला पाठवायच्या संदेशात ठीक. औपचारिक निबंधात तिथे 'कट ऑफ कॉन्टॅक्ट विदाउट एक्स्प्लनेशन' हवे.

सरावासाठी दुहेरी भाषांतरासारखा उपाय नाही. सोळाव्या शतकात रॉजर अॅस्कम या इंग्रज शिक्षकाने लॅटिनसाठी हीच पद्धत सुचवली होती. साधारण ८० शब्दांचा चांगला इंग्रजी उतारा मराठीत आणावा, मूळ झाकून ठेवावे, दोन दिवसांनी मराठीवरून पुन्हा इंग्रजी करावे आणि मुळाशी ताडून पाहावे. त्याच दिवशी उलटे केले तर भाषा नव्हे, फक्त स्मरणशक्ती तपासली जाते. लाल शाईने चुका मोजण्यापेक्षा मूळ लेखकाने कोणत्या नामाबरोबर कोणते क्रियापद घेतले, एवढे वहीत उतरवावे.

बोलण्यासाठी आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेतील बोलण्याच्या चाचणीच्या दुसऱ्या भागाचेच माप घ्यावे: एक मिनिट तयारी, दोन मिनिटांपर्यंत बोलणे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते शब्दशः लिहून काढावे. काम कंटाळवाणे आहे, म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. पण आपण 'फ्रेंड्स'ऐवजी 'वन ऑफ माय फ्रेंड' म्हणतो हे तेव्हाच दिसते.

शेवटच्या आठवड्यात मतांकडे वळावे. 'सोशल मीडिया डिस्ट्रॉइज फ्रेंडशिप' हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आणि तरीही कच्चे. कोणाची मैत्री, कोणत्या परिस्थितीत, हे सांगून 'टेंड्स टु' किंवा 'मे' वापरले, की तेच विधान तोलून केल्यासारखे वाटते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबर यांनी १९९०च्या दशकात मांडलेला, माणूस सुमारे १५० नाती सांभाळू शकतो हा आकडा वादासाठी छान. मात्र त्यावर मतभेद असल्याने 'प्रूव्ह्ड' नव्हे, 'सजेस्टेड' लिहायला लावावे.

आपल्या शैक्षणिक पानावर शब्दयादीऐवजी दर सोमवारी असा एक उतारा मराठीत आणि बुधवारी त्याचे मूळ इंग्रजी छापता आले, तर वर्गात तो थेट वापरता येईल.

आपले,
उच्च माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक, सातारा