समचलन म्हणजे नुसते ‘वाढले की वाढते’ नव्हे

महोदय,

माझी मुलगी आठवीत आहे. गणितातल्या ‘चलन’ या प्रकरणासाठी तिने बाजारातले एक गाइड आणले. त्यात छापले आहे की एक राशी वाढल्यावर दुसरीही वाढते, त्याला समचलन म्हणतात. आणि खाली उदाहरण दिले आहे रिक्षाचे अंतर आणि भाडे. शिकवणीतही मुलांकडून हेच वाक्य घोकून घेतात. मी भांडुपला रिक्षा चालवतो, बारावी सायन्सपर्यंत शिकलो आहे. हे उदाहरण मला तसेच सोडून देववेना.

समचलनाची खरी अट गुणोत्तराची आहे. एक राशी दुप्पट झाली की दुसरीही बरोबर दुप्पट, निम्मी झाली की निम्मी, शून्य झाली की शून्य. दोघींचा भागाकार कुठेही काढा, एकच यायला हवा. तोच चलनाचा स्थिरांक.

आता मुंबईतले भाडे घ्या. 1 फेब्रुवारी 2025 ला लागू झालेल्या दरांप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे. मुलीला वहीत तक्ता करायला लावला. 1 किलोमीटरला 26, दोनला 34, तीनला 51, सहाला 103. अंतर एकाचे दोन झाले, भाडे मात्र 26 चे 52 झाले नाही. म्हणजे समचलन नाही, असे ती म्हणाली. मग तिला 3 आणि 6 कडे बघायला सांगितले. 51 चे 103. तो एक रुपया पूर्ण रुपयात आकारणी केल्यामुळे आला आहे. पैशांसह धरले तर 51.42 चे नेमके 102.84 होतात, दुप्पट! कारण 17.14 ला दीडने गुणले की 25.71 येतात आणि तेच किमान भाडे 26 म्हणून घेतले जाते. म्हणजे दीड किलोमीटरच्या आत समचलन नाही, त्यापुढे आहे. आलेखात आधी आडवी रेघ आली, मग चढती. चढत्या रेघेला पट्टी लावून ती मागे वाढवली तर थेट आरंभबिंदूपाशी, म्हणजे (0, 0) पाशी पोचली. रात्री 12 ते पहाटे 5 भाडे सव्वापट असते. तेव्हा रेघ आणखी उभी होते, स्थिरांक 17.14 चा साधारण 21.43 होतो, पण मागे वाढवलेली रेघ आरंभबिंदू सोडत नाही. हे सगळे एका दरपत्रकात आहे, आणि गाइडने त्याची एका ओळीत वाट लावली.

निव्वळ समचलन हवे असेल तर ते सीएनजी पंपावर आहे. किलो, दर, रक्कम असे तीन आकडे समोर दिसतात. गॅस कितीही भरा, मधला हलत नाही. उलट विजेचे बिल युनिटबरोबर वाढते खरे, पण एकही युनिट न जाळता स्थिर आकार द्यावाच लागतो, आणि वरच्या टप्प्यात दरही बदलतो. वर्तुळाची त्रिज्या 7 सेंमीची 14 केली तर क्षेत्रफळ 154 चौरस सेंमीचे 616 होते. वाढले, पण चौपट. गाइडच्या वाक्याने ही दोन्ही समचलनेच ठरतील.

पुढे विज्ञानात ओहमचा नियम येतो, तोही समचलनाचाच. विभवांतर (विजेचा दाब) आणि विद्युतधारेच्या (विजेच्या प्रवाहाच्या) नोंदी समोर आल्या की भागाकार करून पाहायचा असतो. ‘वाढले की वाढते’ एवढेच डोक्यात असलेले मूल तो करणारच नाही.

माझी विनंती आहे की आपल्या अभ्यासाच्या पानावर व्याख्या छापण्याऐवजी आकड्यांचा एक तक्ता छापावा आणि हे समचलन आहे का, हे मुलांना भागाकार करून ठरवू द्यावे. काही तक्त्यांचे उत्तर ‘नाही’ असेही असावे. शिक्षकांनी वर्गात रिक्षाचे दरपत्रक जरूर न्यावे. आमच्याकडे मागितले तर कोणीही दाखवील.

– एक रिक्षाचालक पालक, भांडुप