मतदान झाले, आता ग्रामसभेला या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या पंचायतीची ग्रामसभा नुकतीच झाली. देवळाच्या मंडपात सतरंजी, टेबलावर हजेरीची वही आणि समोर मोजकी माणसे, त्यांतही बरीचशी सदस्यांच्या घरचीच. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी कन्नडमधून भराभर वाचून झाली, कुणी काही विचारले नाही, यादी मंजूर. दुसऱ्या दिवसापासून तीच वही सह्यांसाठी गल्लोगल्ली फिरली. यादीत नाव नसलेल्या एका विधवा बाईनेही त्या वहीत अंगठा उठवला. कशासाठी, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

दप्तरात मात्र सगळे नियमाने झाल्याचे दिसेल. मला खुपते ते हेच. आमच्या कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली पोरे मतदानाला गोव्याहून, पुण्याहून कामधंदा टाकून येतात. थकलेल्या माणसांना खुर्चीत बसवून केंद्रावर नेतात. मताची एवढी कदर असलेल्या गावात ग्रामसभेला माणूस का मिळत नाही?

विधानसभेत आपल्या वतीने आमदार बोलतो. ग्रामसभेत मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण स्वतःच सभासद असतो. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली, तेव्हापासून ग्रामसभेला घटनेचा आधार आहे. कर्नाटकच्या कायद्याप्रमाणे ती सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी, वॉर्डसभाही घ्यावी लागते. घर कुणाला, गटार आधी कुठे, रोजगार हमीचे काम कोणते, हे तिथे ठरायचे असते. वर्षातून एकदा जमाबंदी असते, म्हणजे पंचायतीचा जमाखर्च आणि झालेली कामे लोकांसमोर तपासायची. आपल्यापैकी किती जण जमाबंदीला गेले आहेत?

सीमाभागात याला एक कारण आहे आणि ते बोलले पाहिजे. 1956 मध्ये हा मराठी भाग आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून आपली प्रत्येक निवडणूक सीमाप्रश्नाचा कौल ठरली. ते स्वाभाविक होते, ती ताकद मतपेटीतूनच दिसायची. पण त्यामुळे माणूस आपला आहे ना, एवढेच पाहायची सवय लागली. निवडून गेल्यावर त्याला हिशेब विचारणे म्हणजे लढ्याशी फितुरी वाटू लागली. या भागावरचा महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पाण्याच्या टाकीचा हिशेब आजच विचारता येतो. तो विचारताना शेजारच्या गल्लीतला कन्नड भाषिकही आपल्या बाजूने उभा राहील, कारण नळ त्याचाही कोरडाच आहे.

आपण विचारत नाही म्हटल्यावर वरचेही निवांत राहतात. बेळगाव महापालिकेची निवडणूक सप्टेंबर 2021 मध्ये झाली आणि महापौर निवडले गेले फेब्रुवारी 2023 मध्ये! अठ्ठावन्न नगरसेवक निवडून देऊन शहर जवळपास दीड वर्ष महापौराविना राहिले. जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत 2021 मध्ये संपली, पण मतदारसंघांची फेररचना आणि आरक्षण यांच्या घोळात निवडणुका वेळेवर झाल्याच नाहीत, कारभार प्रशासकांकडे गेला. घटनेचे कलम 243-ई सांगते की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक पुरी झाली पाहिजे. एरवी मोर्चाला हजारोंनी जमणारे आपण, यावर रस्त्यावर किती उतरलो?

कन्नड येत नाही म्हणून सभेला जात नाही, असे पुष्कळ जण म्हणतात. अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. कलम 350 प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडता येते. मराठीत अर्ज लिहा आणि पोच घ्या. जिथे एखादी भाषा बोलणारे 15 टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्राच्या तरतुदींत आहे. म्हणून यादी मराठीतही वाचा, ही मागणी ग्रामसभेतच करावी आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यावी. आपल्याकडे पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांना आहेत. तरी सभेत बहुतेक वेळा सदस्य बाईंचे यजमानच बोलतात. त्या बाईंनाच बोलू द्या, असे म्हणायचा हक्कही सभासदांचाच.

युवक मंडळांना विनंती, गणपतीच्या वर्गणीचा हिशेब तुम्ही चौकात फळ्यावर लावता, तसाच पंचायतीचा मागा. सही मागायला वही घरी आली तर सभेत काय ठरले ते आधी वाचून दाखवायला सांगा, नाहीतर सही करू नका.

आणि आपल्याला एक विनंती. दवंडी आता कुठे पिटली जात नाही, नोटीस पंचायतीच्या दारावर लागते आणि तिथेच राहते. आपल्या दैनिकात खानापूर, बेळगाव, निपाणी तालुक्यांतल्या ग्रामसभांच्या आणि जमाबंदीच्या तारखा गावांच्या नावांसह आठ दिवस आधी छापाव्यात. आमच्या भागातल्या तारखा गोळा करून पाठवायला मी तयार आहे.

आपला,
एक मतदार, खानापूर तालुका