धूप अंगणात लावणाऱ्यांना

सुगंध आणि रसायनं ज्यांना सोसत नाहीत, अशा आम्हा गोव्यातल्या मंडळींकडून हे आभार. चतुर्थीत माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या आराशीखाली) फक्त तेलाची समई ठेवून धूप-अगरबत्ती अंगणात लावणाऱ्या घरांचे. लादी पुसण्याआधी "फिनेल घालतेय, दार लावून घ्या" असं कळवणाऱ्या शेजारणींचे. पावसात खिडक्या बंद, त्यात पडदे आणि उशा वास धरून ठेवतात. नंतर घर उघडून फारसं साधत नाही, म्हणून आधीचा निरोपच मोलाचा.

"मला ॲलर्जी आहे" एवढ्याने समोरचा गोंधळतो. "अत्तर, रूम फ्रेशनर, डांबराच्या गोळ्या नकोत, बिनवासाचा साबण चालेल" असं नेमकं सांगितलं की काम होतं. ते शांतपणे ऐकून सकाळची पहिली वेळ देणाऱ्या दवाखान्यातल्या ताईंचे आभार. मास्क असूनही त्रास कसा, असं न म्हणणाऱ्यांचेही: एन-९५ कण अडवतो, वायू नाही, त्यासाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो.

आणि डॅशबोर्डवरची सुगंधी बाटली डिकीत न टाकता घरी ठेवून येणारे टॅक्सीवाले दादा! गाडी तापली की डिकीतूनही वास पुढे येतो, हे तुम्ही लक्षात ठेवता. देव बरें करूं.