आयरिस जुलैत लावू नका, निदान पुण्यात तरी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत बागेच्या पानावर दाढीवाल्या आयरिसवर लेख आला होता, बघून इतकं बरं वाटलं, कारण मराठी पेपरात या फुलावर कोणी लिहीतच नाही, सगळं गुलाब, जास्वंद, शेवंती यांच्यावरच चालतं. पण त्यात एक वाक्य असं आहे की कंद जुलै-ऑगस्टमध्ये लावावेत, आणि ते वाचल्यावर मला राहवेना म्हणून हे पत्र लिहितेय. पुण्यात कोणी जुलैत आयरिस लावला तर तो गणपतीपर्यंत सडणार. हे मी ऐकीव सांगत नाहीये, माझे स्वतःचे सातातले पाच सडलेत.

झालं असं की मे 2022 मध्ये आम्ही उत्तराखंडातल्या डोंगरात रानीखेतला दादाकडे गेलो होतो, तो फौजेतून रिटायर झाल्यावर तिकडेच राहिला. वहिनीच्या अंगणात उतारावर दगडी बांधाच्या कडेकडेनं ही झाडं, पानं तलवारीच्या पात्यासारखी आणि हातपंखा उघडावा तशी सगळी एकाच रेषेत पसरलेली. बहर संपत आला होता पण तीनचार दांडे होते अजून. जांभळं फूल, तीन पाकळ्या वर घुमटासारख्या मिटलेल्या आणि तीन खाली झुकलेल्या, आणि खालच्या प्रत्येक पाकळीवर मधोमध मऊ केसांची एक पट्टी, तीच ती दाढी. मी नाक जवळ नेलं तर चक्क काळ्या द्राक्षांच्या रसाचा वास! निघताना वहिनीनं सात कंद कागदात गुंडाळून दिले आणि म्हणाली, "अगं, याला पुरू नकोस हं, मातीवर नुसतं झोपव."

मी हो म्हटलं. पण पुण्यात आल्यावर जिथे तिथे वाचलं तर सगळीकडे तेच, जुलै ते सप्टेंबर लावायची वेळ, म्हणून पहिला पाऊस झाल्यावर जुलैत लावून टाकले, आपल्याकडे सगळं पावसातच लावतात ना. आणि हात सवयीनं चालतो, कंद दिसला की आपण माती ओढतो. हळद, आलं, अळू, सगळ्याला आपण भर देतो, म्हणून यालाही दिली, वर छान शेणखत. महिनाभर पानं टवटवीत होती. मग एक दिवस एक पान पिवळं पडलेलं दिसलं म्हणून जरा ओढलं तर अख्खा पंखाच हातात आला, खाली कंदाचा नुसता लगदा आणि असा घाण वास की दोनदा हात धुतला तरी जाईना. तो बॅक्टेरियाचा रोग आहे, इंग्रजीत त्याला सॉफ्ट रॉट म्हणतात, बटाटा-गाजर सडवणाऱ्या जंतूंचाच प्रकार. त्याला फक्त एखादी जखम, ओल आणि उबारा लागतो, आणि आपल्या पावसाळ्यात ओल आणि उबारा दोन्ही तयारच असतात.

जुलै-ऑगस्ट हा सल्ला चुकीचा नाहीये, तो इथला नाहीये एवढंच. युरोप-अमेरिकेत आयरिस वसंतात फुलतो, मग दीडदोन महिन्यांनी झाड थोडं विसावतं, तेव्हा तिकडे उन्हाळा असतो, तेव्हा कंद काढून वेगळे करायचे आणि लावायचे, म्हणजे थंडी पडायच्या आत नवी मुळं धरतात. हिशोब असा की लावल्यावर जमीन उबदार हवी पण पाणी साचायला नको, आणि मग थंडी हवी. हाच हिशोब पुण्याला लावला तर महिना कोणता येतो? पाऊस पूर्ण गेल्यावरचा, ऑक्टोबरअखेर. लेखिकेनं (की लेखकानं, नाव नव्हतं) हा हिशोब सांगितला असता तर माझी काहीच तक्रार नव्हती. परदेशातला मजकूर मराठीत आणताना भाषेबरोबर महिनेही बदलायला हवेत, कारण वाचणारा माणूस पुढच्या रविवारी खुरपं घेऊन बसणार असतो.

माझे उरलेले दोन कंद मी उपटले, खराब भाग चमच्यानं खरवडून काढला, चांगला पांढरा टणक भाग दिसेपर्यंत, आणि ऊन मिळेल तेव्हा उन्हात आणि एरवी खिडकीत कोरडे ठेवले. त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यातसुद्धा पुण्यात काय पाऊस झाला होता आठवत असेल, रस्त्यांवरून नदीसारखं पाणी वाहत होतं. म्हणून घाई नाही केली, दिवाळी होऊ दिली आणि मग लावले. कंद इतके दिवस मातीशिवाय पडून राहिले तरी काही झालं नाही, कारण त्यात साठा असतो. हे नवीन लोकांना सांगायला हवं, कुरिअरनं कंद आला की त्याच दिवशी लावायची काही गरज नसते, घाबरू नका.

जागेबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण तिथेच सगळं आहे. आमच्या सहकारनगरच्या घरामागे साताठ फुटांची पट्टी आहे, काळी चिकट माती, पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. त्यात आयरिस टिकणं शक्य नाही म्हणून गादीवाफा केला, जमिनीपासून चांगला वीतभर उंच. निम्मी पोयटा माती आणि निम्म्यात मुरूम, भरड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे, जुनं कुजलेलं शेणखत अगदी दोन मुठी. कोकोपीट अजिबात नाही, टेरेसवाल्यांना त्याची फार सवय झालीय पण ते ओल धरून ठेवतं आणि या झाडाला नेमकी तीच नको असते. मधे मातीचा छोटा उंचवटा करायचा, त्यावर कंद आडवा ठेवायचा, मुळं दोन्ही बाजूंनी खाली सोडून फक्त मुळांवर माती दाबायची, कंदाची पाठ उन्हाला उघडी राहिली पाहिजे. पाण्यावर बदक बसतं ना तसं दिसायला हवं. दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन पाहिजे. पालापाचोळ्याचं आच्छादन करू नका, ते बाकी बागेला ठीक आहे. युरिया तर नकोच, नत्र जास्त झालं की पान माजतं, फूल येत नाही आणि कंदही मऊ होऊन लवकर सडतो, मी वर्षातून एकदा, थंडीच्या शेवटी, थोडं बोनमील घालते, बस. आणि पावसाळ्यात वाफ्यावर तिरपा पत्रा, बाजूनं वारं मोकळं. पागोळ्या वाफ्यात पडणार नाहीत एवढं बघायचं.

कंद कापताना हातमोजे घाला, चीक काहींच्या कातडीला चावतो, आणि घरात कुत्रं असेल तर त्याला हे कंद चावू देऊ नका, विषारी असतात.

2023 ला नुसती पानं आली. 2024 च्या महाशिवरात्रीच्या आठवड्यात पहिला दांडा आला. पानांच्या मधून आधी काहीतरी जाडसर वर सरकताना दिसलं, मला वाटलं नवीन पान, मग ते फुगलं, कागदी वेष्टणातून गडद जांभळं टोक निघालं, शाईत बुडवलेल्या बोरूसारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाऊन बघते तर उघडलं होतं. मी तशीच पायरीवर बसून राहिले, दूधवाला आला तेव्हा उठले. एक फूल दोनतीन दिवसच राहतं पण एका दांड्यावर चारपाच कळ्या असतात आणि त्या एकामागून एक उघडतात, त्यामुळे जवळजवळ दोन आठवडे रोज सकाळी बघायला काहीतरी होतं.

मधमाशी येते तेव्हा तर जरूर बघा. ती खालच्या झुकलेल्या पाकळीवर उतरते आणि दाढीच्या वाटेनं आत शिरते, वर छपरासारखा एक भाग असतो, खरं तर तो स्त्रीकेसराचा फाटा आहे पण दिसतो पाकळीसारखाच. त्याच्या कडेला एक छोटी जिभली असते, माशी आत जाताना तिच्या पाठीवरचे दुसऱ्या फुलाचे पराग ही जिभली खरवडून घेते, पुढे आत पुंकेसर असतो तो नवे पराग पाठीवर चोपडतो, आणि माशी मागे सरत बाहेर येताना ती जिभली उलट बाजूनं दाबली जाते त्यामुळे स्वतःचे पराग स्वतःला लागत नाहीत. एका फुलात अशा तीन वाटा. माझ्या नातवाला हे दाखवलं तर त्यानं शाळेला उशीर केला.

एक गोष्ट न सांगितल्यामुळे लोक झाड फेकून देतात. आयरिसचा एक कंद एकदाच फुलतो. आपल्या केळीसारखं आहे, एका खांबाला एकदाच घड, मग बाजूचे मुनवे पुढे चालवतात, तसं इथे फुललेल्या कंदाच्या दोन्ही बाजूंना पिल्लं फुटतात आणि पुढची फुलं त्यांना येतात. जुना कंद तसाच पडून राहतो. तीनचार वर्षांत गर्दी होते, तेव्हा काढून पिल्लं वेगळी करायची आणि जुना मधला भाग टाकून द्यायचा. 2025 ला माझ्याकडे तीन दांडे आले.

आता खरं तेही सांगायला हवं, रानीखेतसारखा बहर पुण्यात येत नाही. या झाडाला कळी धरायला थंडी लागते आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास आला तरी आपण शेकोट्या पेटवतो, त्याला ते जेमतेम पुरतं. माझ्या पंख्यांपैकी निम्मेच फुलतात. अमेरिकेत मोठाल्या झालरीच्या, दोन रंगी, हजारो जाती तयार केल्यात, तिथे 1920 पासून आयरिसवाल्यांची राष्ट्रीय संस्था आहे, पण त्यातल्या बऱ्याच कडक थंडीच्या प्रदेशासाठी आहेत. इथे जुनी साधी जांभळी जात, किंवा ज्यांना वर्षातून पुन्हा बहर येतो अशा जाती घेतल्या तर आशा जास्त. फोटो बघून रंग निवडू नका, आणि रंगांवरून आठवलं, ऑनलाइन एका विक्रेत्यानं मला बिअर्डेड आयरिस म्हणून जे पाठवलं ते छोट्या कांद्यासारखे गड्डे होते. कांद्यासारखा असेल तर तो डच आयरिस, फुलवाल्यांकडे बुकेत असतो तो. दाढीवाल्याचा कंद आल्याच्या तुकड्यासारखा असतो. नर्सरीतसुद्धा आयरिस म्हणून पांढऱ्या फुलांचं जे झाड मिळतं ते बहुतेक वेळा आफ्रिकेतलं डायटिस असतं, सोसायट्यांच्या गेटजवळ लावतात ते, चांगलं आहे, चिवट आहे, पण हे ते नव्हे. त्याला दाढी नसते.

तसं हे कुटुंब आपल्याला परकं नाही, ग्लॅडिओलस यातलाच आणि केशरसुद्धा. काश्मीरमध्ये आयरिस कबरींवर लावायची जुनी पद्धत आहे. आणि इटलीत फ्लॉरेन्सच्या बाजूला याचे कंद सोलून वाळवतात आणि तीन वर्षं किंवा जास्तच ठेवून देतात, ताज्या कंदाला अत्तरासारखा वास नसतो, ठेवल्यावर हळूहळू तयार होतो, मग त्याचं अत्तरात घालायचं द्रव्य होतं. आपल्याकडे जुना तांदूळ जपून ठेवतात ते आठवलं मला.

एम्प्रेस गार्डनला जानेवारीत पुष्पप्रदर्शन असतं तिथे मी दरवर्षी जाते. माझा आयरिस तोवर फुललेला नसतो, त्यामुळे तिथे न्यायचा प्रश्न येत नाही. पण आमच्या गल्लीत आता तीन घरांत तो आहे, माझ्याच कंदांची पिल्लं, तिघींनाही मी दिवाळीनंतर दिली आणि तोपर्यंत मागितली तरी दिली नाहीत.

संपादक साहेब, विनंती एवढीच आहे की पुढच्या रविवारी त्याच पानावर छोटी दुरुस्ती छापा. लेख चांगला होता, फोटोही ठेवा. फक्त जुलै-ऑगस्ट काढून तिथे "पाऊस पूर्ण गेल्यावर, ऑक्टोबरअखेर" एवढं घाला, आणि ते पाऊस सुरू व्हायच्या आत छापा, कारण काही जणांनी कंद मागवले असतील.

आपली नियमित वाचक,
सहकारनगर, पुणे