दादाचा धंदा, वहिनीचा हिस्सा आणि बाबांची सही

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

दादा-वहिनीच्या घटस्फोटात धंद्याचे दोन तुकडे होणार, ही धास्ती मनातून काढा. तुकडे सहसा होत नाहीत. धंद्याची किंमत ठरते, एक जण तो ठेवतो आणि दुसऱ्याच्या हिश्श्याचे पैसे देतो. म्हणून किंमत नीट निघणं महत्त्वाचं.

मूल्यांकन कुठल्या तारखेचं, हे आधी ठरायला हवं. ते राहिलं की दोघांचे तज्ज्ञ दोन वेगळ्या वर्षांचे आकडे घेऊन भांडत बसतात. दोघांनी मिळून एकच नेमलेला बरा.

हिशेबात दिसतो तो नफा खरा नव्हे. समजा वर्षाला २० लाख दिसतात, पण दादा पगार घेत नाही. त्याच्या जागी माणूस ठेवला तर ९ लाख लागतील. वहिनी हिशेब बिनपगारी बघते, त्या कामाचे ३. उरले ८. किंमत वर्षाच्या नफ्याच्या चौपट धरली तर ती ८० नाही, ३२ लाख. उलट घरची गाडी, फोन धंद्याच्या खर्चात घातले असतील तर ते नफ्यात परत मिळवायचे. आणि पूर्ण २० लाखांवर किंमत काढून त्याच २० लाखांवर पोटगीही मागितली, तर एकच कमाई दोनदा मोजली जाते. उधारीची यादी तारखेवार काढा. वर्षभर न आलेली येणी आणि धूळ खात पडलेला माल पूर्ण किमतीने धरू नये.

आता तुम्ही धंद्याला दिलेले पैसे. ते उसने होते, भेट होती की भांडवल? उसने असतील तरच धंद्याच्या देण्यात धरले जातील, तेही पुरावा असेल तर: बँकेतली नोंद, वहीत तुमच्या नावाचं खातं, परतफेडीचा एखादा हप्ता. मागची तारीख टाकून कागद मात्र करू नका. एक खोटा निघाला की खऱ्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

बाबा, कर्जाला तुम्ही जामीन आहात. ‘कर्ज दादाने फेडावं’ असं निकालात आलं तरी बँक तुम्हाला सोडत नाही. तिच्याकडून जामीनमुक्तीचं लेखी पत्र घ्यावं लागतं. वहिनीची सही असेल तर तिलाही ते मिळालंच पाहिजे. दादा तिला हप्त्यांनी पैसे देणार असेल तर व्याज, तारण आणि हप्ता चुकला तर काय, हे करारात हवं. तिनेही या धंद्यासाठी राबून काम केलंय.

गेल्या पाच वर्षांचे ताळेबंद, करविवरणं आणि बँकेचे उतारे एका फायलीला लावून ठेवा. दुसरा संच वहिनीच्या वकिलांसाठी, पानन्‌पान तोच.

तुमची,
धाकटी